थंडीचे हवामान मुलांच्या लेखनात कसे आणावे?

प्रश्न चौथी-पाचवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा आहे. त्या म्हणतात की ‘हिवाळा’ या विषयावर मुलांना लिहायला सांगितले, की प्रत्येक वहीत गुलाबी थंडी, शेकोटी, स्वेटर आणि कानटोपी एवढेच येते. काही मुले तर कधीही न पाहिलेला बर्फ आणि बर्फाचा माणूसही आणतात. उलट धुके, दव, थंडीची लाट यांची कारणे शिकवून मग लिहायला सांगितले, तर लेखन परिसर अभ्यासाच्या उत्तरासारखे कोरडे होते. हवामान नीट कळावे आणि लेखनही जिवंत व्हावे, या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतील का, असे त्यांनी विचारले आहे.

साधता येतात, आणि त्यासाठी माझ्या मते एकच अट पाळावी लागते: मुलांच्या लेखनात थंडी ही सजावट म्हणून न येता तिच्यामुळे काहीतरी घडले पाहिजे. कल्पनेला पूर्ण मोकळीक द्यावी, पात्रे, प्रसंग, संवाद मुलांनी हवे तसे रचावेत. पण कथेतील घटना हवामानाच्या नियमाने घडावी आणि कवितेतील प्रत्येक ओळ पाहिलेल्या गोष्टीवर उभी असावी. एवढे पाळले की विज्ञान वेगळे घुसडावे लागत नाही, कारण ते कळल्याशिवाय कथा पुढेच जात नाही.

मात्र लिहिण्याआधी पाहणे हवे. दिवाळीची सुट्टी संपली की संक्रांतीपर्यंतचा काळ यासाठी राखून ठेवावा आणि सकाळच्या शाळेचा शनिवार हातचा जाऊ देऊ नये, कारण मुले शाळेत येतात तेव्हा दव अजून वाळलेले नसते. प्रत्येकाने एक छोटी नोंदवही ठेवावी व तीत तारीख, वेळ, जागा आणि एकच पाहिलेली गोष्ट लिहावी. ‘आज खूप थंडी होती’ ही नोंद धरू नये. ‘सव्वासात वाजता हापशाचा दांडा हातात धरवत नव्हता, पण शेजारच्या लाकडी फळीला हात लावल्यावर तसे वाटले नाही’ ही नोंद धरावी. दोन्ही वस्तू रात्रभर एकाच हवेत होत्या, मग लोखंडच जास्त गार का लागले, हा प्रश्न त्या नोंदीतून मुलेच विचारतात. लोखंड हातातील उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि लाकूड सावकाश, हे उत्तर मग त्यांना पाठ करावे लागत नाही.

दवाविषयी मुलांची, आणि अनेकदा मोठ्यांचीही, समजूत अशी असते की ते पावसासारखे वरून पडते. ही समजूत फळ्यावर लिहून खोडू नये. संध्याकाळी एक स्टीलचे ताट उघड्या अंगणात, दुसरे ओसरीच्या छपराखाली आणि काचेचा एक ग्लास ओलसर मातीवर उपडा ठेवायला सांगावे. सकाळी उघड्यावरचे ताट ओले आणि छपराखालचे कोरडे दिसते, तेव्हा वर्गातली निम्मी मुले ‘म्हणजे ते वरूनच पडते’ असे छातीठोकपणे सांगतात. त्यानंतर उपड्या ग्लासाची पाळी येते. त्याच्या आतल्या बाजूलाही थेंब असतात, आणि तिथे तर वरून काहीच पडू शकत नाही. या क्षणी वर्गात जो गोंधळ होतो तो होऊ द्यावा. उघड्यावरचे ताट आपली उष्णता आभाळाकडे सोडून लवकर गार होते व त्याला टेकलेल्या हवेतील वाफेचे पाणी होते. छपराखालच्या ताटाची उष्णता तितकी सुटत नाही. ग्लासात तर मातीतूनच निघालेल्या वाफेचे काचेवर पाणी होते. हे स्पष्टीकरण शिक्षकांनी गोंधळानंतर द्यावे, आधी नाही.

या पाहण्यावरून लिहायचा पहिला प्रकार म्हणून मी कोडे निवडतो. निबंध म्हटला की मुलांना भाषण आठवते, कोडे म्हटले की खेळ आठवतो. नियम असा ठेवावा की कोड्यातील प्रत्येक खूण स्वतः तपासलेली असली पाहिजे. ‘छपराखाली मी बसत नाही, ढगाळ रात्री येत नाही, वारा सुटला की टिकत नाही, ऊन चढेपर्यंतच माझा मुक्काम, ओळखा पाहू मी कोण?’ या कोड्यात दवाविषयीची चार निरीक्षणे आहेत. त्यातील ढगाळ रात्रीची खूण एका दिवसात मिळत नाही. तिच्यासाठी आभाळ भरून आलेल्या रात्रीची वाट पाहावी लागते. काही मुले ‘मी मोत्यासारखा चमकतो’ असे लिहितात. त्यावर काट मारू नये. ‘ही खूण दवाची आहे, तशीच काचेच्या मण्याचीही आहे, मग ओळखणाऱ्याने काय ओळखावे?’ एवढेच विचारावे. उपमा गळून पडते आणि तिच्या जागी निरीक्षण येते.

कवितेसाठी माझी सूचना याहून कडक आहे. थंडी, गारठा, गुलाबी, स्वेटर, शेकोटी आणि हुडहुडी हे शब्द फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहावेत आणि ते न वापरता थंडीची कविता लिहायला सांगावे. मुले सुरुवातीला कुरकुरतात, पण दहा मिनिटांनी वहीत वेगळ्या गोष्टी येऊ लागतात: खोबरेल तेलाची गोठलेली बाटली, उललेले गाल, फुटलेल्या टाचांवर आजीने लावलेले कोकम तेल, पहिल्या तांब्याआधी घेतलेला श्वास, बोलताना तोंडातून निघणारी वाफ. नमुना दाखवायचा असेल तर शिक्षकाने स्वतः लिहिलेला दाखवावा. मी पुढीलसारख्या ओळी फळ्यावर लिहितो.

पत्र्यावरून टपटप पाणी,
आभाळ मात्र कोरडे.
काल वाळत घातलेली चादर
आज जास्त ओली.

या ओळींवर चर्चा करताना मी अर्थ विचारत नाही. चादर जास्त ओली कशी झाली, असे विचारतो. तसेच खोबरेल तेल का गोठले आणि शेंगदाण्याचे का गोठले नाही, हे विचारता येते. खोबरेल तेल साधारण 24 अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट होऊ लागते, म्हणून कपाटातली ती बाटली हा मुलांच्या घरातला एक ढोबळ तापमापकच असतो. तेल कोणत्या तारखेला गोठले याची नोंद ज्या मुलीने ठेवली, तिच्या कवितेत तारीखही येते, आणि तारखेमुळे कविता खरी वाटते.

आता कथेकडे येतो, कारण हवामानाची समज तिथेच पूर्ण कसाला लागते. मुलांना मोकळा विषय देऊ नये. एक बांधलेली परिस्थिती द्यावी. माझ्या वापरातली परिस्थिती निफाडची आहे. नाशिक जिल्ह्यातील हा तालुका द्राक्षांचा, आणि हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंद वारंवार येते. कडाक्याच्या थंडीत द्राक्षांची फुगवण थांबते, मणी तडकतात. म्हणून शेतकरी पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. कथेची सुरुवात मी देतो: ‘रात्री दहाला आभाळ चांदण्यांनी भरलेले होते, वारा पडला होता. बाबांनी चारचा गजर लावला.’ पुढे मुलांनी लिहायचे, मात्र पहाटेपूर्वी एकदा ढग आले पाहिजेत, ही माझी अट.

ढग आल्यावर काय होईल, हे ज्याला कळलेले नाही त्याची कथा इथे अडते, आणि ती अडायलाच हवी. बहुतेक मुले पहिल्या मसुद्यात लिहितात की ढग आले आणि थंडी आणखी वाढली, कारण ढग म्हणजे पाऊस आणि पाऊस म्हणजे गारवा, हे त्यांचे पावसाळ्यातले ज्ञान असते. हिवाळ्याच्या रात्री नेमके उलटे घडते. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता आभाळाकडे सोडत असते. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ती सहज निघून जाते, ढग असतील तर त्यातील बराच भाग ते अडवतात व खाली परत पाठवतात. जमिनीवर कोणी गोधडी टाकावी तसे हे होते. म्हणजे ढग आले की पारा उतरायचा थांबतो आणि बाबांच्या जिवात जीव येतो. पण निफाडच्या घरातल्या मुलाला पुढचेही ठाऊक असते: ढगाळ, दमट हवा म्हणजे भुरी आणि डावणी या बुरशीच्या रोगांची भीती, म्हणजे फवारणीचा खर्च. एकाच ढगामुळे एक काळजी मिटते आणि दुसरी सुरू होते. अशी जागा सापडली की मुलांची कथा आपोआप मोठी होते, आणि तिथे शिक्षकाने काहीही सुचवू नये.

याच कथेत धूर आणता येतो. पहाटेच्या शेकोटीचा धूर मुलांनी चित्रात काढावा आणि दुपारी पेटवलेल्या पाल्याचा धूरही काढावा. दुपारचा धूर वर चढत जाऊन विरतो. पहाटेचा धूर घराच्या आढ्याइतका चढतो आणि तिथे अडल्यासारखा आडवा पसरतो, सगळ्या वस्तीवर त्याची एक पट्टी दिसते. जमिनीलगतची हवा रात्री गार व जड झालेली असते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर असतो. धूर त्या थराखालीच राहतो. शहरातील मुलांसाठी हीच गोष्ट सकाळच्या धुरकट हवेची आहे, आणि ‘आमच्या गल्लीतला धूर वर का जात नाही?’ हे कथेचे शीर्षक होऊ शकते. गार हवा जड असल्यामुळे ती उताराने सखल भागात उतरते, म्हणून टेकडीवरच्या घरापेक्षा ओढ्याकाठच्या घराला थंडी जास्त वाजते, हेही मुले घरून विचारून आणतात.

‘मी धुके बोलतोय’ हा प्रकार आपल्या शाळांत फार रुळलेला आहे आणि मला तो टाकून द्यावासा वाटत नाही. फक्त त्यातील रडगाणे काढावे. धुक्याने आपले आयुष्य सांगावे: जन्म कुठे झाला, त्या रात्री आभाळ आणि वारा कसा होता, नदीकाठच का आवडतो, सकाळी किती वाजता आपण विरळ झालो आणि कशामुळे. हवामानशास्त्रात एक किलोमीटरपेक्षा कमी अंतरापर्यंतच दिसत असेल तर त्याला धुके म्हणतात. मुलांनी शाळेच्या दारातून दिसणाऱ्या खुणा, म्हणजे टाकी, देवळाचा कळस, वडाचे झाड, यांची अंतरे आधी काढून ठेवावीत. मग ‘आज कळस बुडाला, पण वड दिसत होता’ हे वाक्य लेखनही असते आणि मोजमापही.

वाऱ्याच्या प्रवासाची रोजनिशी हा पाचवीसाठी उत्तम उपक्रम आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकतात आणि ते पुढे सरकले की उत्तरेकडचे थंड, कोरडे वारे खाली उतरतात. नकाशा समोर ठेवून मुलांनी त्या वाऱ्याबरोबर निघावे: राजस्थानातील मोहरीची शेते, माळव्यातील गहू, सातपुडा ओलांडून खानदेशातील केळीच्या बागा, मग नाशिक, अहिल्यानगर, पुणे. प्रत्येक मुक्कामी वाऱ्याने काय पाहिले आणि लोकांनी त्याला काय म्हटले, एवढेच लिहायचे. जळगावचा केळी उत्पादक त्याच्यावर चिडतो, कारण थंडीने केळीची वाढ खुंटते. हरभरा आणि गहू पेरणारा मात्र त्याची वाट पाहत असतो. बर्फाचा माणूस काढणाऱ्या मुलांना इथे बर्फाची खरी जागा मिळते: तो आपल्या अंगणात पडत नाही, पण आपल्या थंडीत त्याचा वाटा असतो.

कोकणातील शिक्षकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगणे भाग आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरील मुलांकडून देशावरच्या कडाक्याचे वर्णन लिहून घेऊ नये. समुद्राचे पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे किनाऱ्यावरचे रात्रीचे तापमान तितके खाली येत नाही. तिथली थंडी आंब्याच्या मोहोरात पाहावी. थंडी कधी पडली आणि मोहोर कधी फुटला, हे घरातील मोठ्यांना विचारून मुलांनी कलमाचीच रोजनिशी लिहावी. कोकणातील एक आणि घाटावरील एक अशा दोन शाळांनी एकाच तारखेचे किमान तापमान लिहून एकमेकांना पत्रे पाठवली, तर ‘आमच्याकडे पंखा चालू आहे’ हे वाक्य वाचून निफाडच्या मुलांना जो धक्का बसतो, तो पुस्तकातील तक्त्याने बसत नाही. परदेशातील मराठी शाळांत शिकवणाऱ्यांनी तर तिथला खरा बर्फच घ्यावा. शिकागो किंवा टोरोंटोच्या मुलाने आजीला मराठीत लिहिलेल्या पत्रात बर्फ पडत असतानाची शांतता यावी आणि बर्फ तुडवतानाचा आवाजही यावा, तिथे शेकोटी आणण्याची गरज नाही.

बातमी हाही सर्जनशील लेखनाचाच एक प्रकार मी मानतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात आणि त्याच दिवशीचे अधिकृत किमान तापमान मात्र शून्याच्या बरेच वर असते. मुलांना ही विसंगती दाखवून विचारावे, की बातमीदार खोटे बोलला की तापमापक? दोघेही खरे असतात. अधिकृत तापमान जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकावर मोजतात. निरभ्र, निवांत रात्री गवताच्या पात्याचे तापमान त्याहून काही अंशांनी खाली गेलेले असते. मग वर्गाने दोन बातम्या लिहाव्यात, एक पेटीतल्या तापमापकाची आणि एक गवतावरच्या मुंगीची. ‘थंडीची लाट’ हा शब्दही बातमीत मोजूनच वापरायला शिकवावा: भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असावे लागते, नाहीतर थेट 4 अंश किंवा त्याखाली जावे लागते. आपल्याला खूप थंडी वाजली म्हणून लाट आली, असे होत नाही.

संक्रांतीला आपण म्हणतो की दिवस तिळातिळाने वाढू लागतो. मुले पाठ्यपुस्तकात मात्र 22 डिसेंबर ही सर्वांत लहान दिवसाची तारीख वाचतात आणि गोंधळतात. यासाठी अंगणात एक मीटरची काठी रोवावी. पुण्याच्या अक्षांशावर 22 डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली सुमारे 90 सेंटिमीटर पडते. मेच्या मध्यास त्याच काठीची सावली पायाशी नाहीशी होते. सूर्य खालून, तिरपा येतो म्हणून थंडी, पृथ्वी सूर्यापासून दूर जाते म्हणून नव्हे. उलट जानेवारीच्या सुरुवातीस ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते. दिवस 22 डिसेंबरनंतर वाढू लागतो हे खरे, पण आपल्याकडे सर्वांत उशिरा सूर्योदय जानेवारीच्या मध्यास होतो, म्हणून सकाळ लवकर उजाडू लागल्याचे संक्रांतीनंतरच जाणवते. ‘काठीने आजीला लिहिलेले पत्र’ हा विषय मी यासाठी देतो. त्यात आजीचे म्हणणेही खोडायचे नाही आणि पुस्तकाचेही नाही, दोघांचे कुठे जुळते ते काठीने सांगायचे.

एका गोष्टीची काळजी कळकळीने घ्यावी. वर्गात स्वेटर नसलेली मुले असतात. हिवाळ्याचे चार-पाच महिने आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहून आलेली मुले असतात. थंडीविषयी त्यांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असते: कोपीचे तोंड कोणत्या बाजूला ठेवायचे, पहाटे फडात पाचट किती ओले असते, बैल रात्री कुठे बांधतात. हे ज्ञान वर्गात आले तर त्याचा मान राखावा, पण ‘मजेदार हिवाळा’ असा विषय देऊन त्यांना तोंडघशी पाडू नये आणि त्यांचे लेखन त्यांच्या परवानगीशिवाय मोठ्याने वाचू नये. गारपिटीचेही तसेच. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने राज्यातील उभी पिके झोडपली होती. शेतकऱ्याच्या घरात गार ही गंमत नसते. गार आणि बर्फ यांतला फरक शिकवताना, म्हणजे गार उंच गडगडाटी ढगात वर-खाली होत घडते व आपल्याकडे बहुधा हिवाळा सरताना पडते हे सांगताना, लेखनाचा विषय ‘गारा वेचताना’ असा ठेवू नये.

तपासणीविषयी थोडक्यात. पहिल्या मसुद्यात शुद्धलेखन तपासू नये. समासात फक्त प्रश्न लिहावेत: किती वाजता? वारा होता का? हे तू पाहिलेस की ऐकलेस? धुई, दहिवर, काकडलो, उललं असे घरचे शब्द आले तर ते तसेच राहू द्यावेत, कारण निरीक्षण बहुधा त्याच शब्दांतून आलेले असते. दुसऱ्या मसुद्यात हवामानाचा नियम मोडला असेल तर तेवढे वाक्य अधोरेखित करून कथा परत द्यावी. ‘चूक’ असा शेरा न देता ‘हे त्या रात्री घडू शकले असते का?’ असे विचारावे. हे सगळे लेखन एका हस्तलिखितात बांधून वर्गाच्या कपाटात ठेवावे आणि प्रत्येक पानावर तारीख, वेळ व जागा आहे ना, एवढे पाहावे. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्याच तारखेला, त्याच हापशापाशी उभे राहून आपली नोंद करायची असते, आणि तुलनेसाठी त्यांना हेच पान लागते.